खाडीकाठच्या गावाने रिसॉर्टला हो म्हणावं का? आधी मे महिन्यातलं पाणी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, कायम राहणारी सहाशे माणसं, १२ होमस्टे. सार्वजनिक विहिरीचं पाणी मार्चअखेर मचूळ लागतं. आता बाहेरच्या एका गुंतवणूकदाराने सड्यावर (गावावरच्या कातळी पठारावर) जमीन घेतली आहे आणि ४० खोल्यांच्या रिसॉर्टसाठी ग्रामपंचायतीकडे ना-हरकत दाखला मागितला आहे. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो रिसॉर्ट नकोच, होमस्टेही आवरा. दुसरा म्हणतो मुंबईला गेलेली पोरं आता कुठे परत यायला लागलीत, त्यांच्या पोटावर पाय देऊ नका. विचारणाऱ्यांना जाणून घ्यायचं आहे की विकास आणि पर्यावरण यांचा समतोल गावात प्रत्यक्ष साधायचा कसा, आणि ठरावावर हो लिहायचं की नाही.

दोन्ही तटांचं म्हणणं खरं आहे, म्हणून ते बोलून मिटणार नाही. ‘विकास’ आणि ‘पर्यावरण’ हे शब्द घेऊन सभेला बसलात तर रात्रीचे बारा वाजतील आणि हाती काही लागणार नाही. दोघांनाही मान्य करावी लागेल अशी एक गोष्ट मात्र गावात आहे. एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत विहिरींना किती गोडं पाणी येतं, हा आकडा. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि जांभा हा इथला तांबडा दगड चाळणीसारखा असल्यामुळे दिवाळीपर्यंत त्यातला बराचसा खाडीला मिळालेला असतो. मेमध्ये विहीर तळाला असते आणि नेमके तेव्हाच चाकरमानी घरी येतात, लग्नं असतात, होमस्टे भरलेले असतात, आगराला, म्हणजे माड-सुपारीच्या बागेलाही पाणी लागतं. गावात किती खाटा चालतील हे मेमधले लिटर ठरवतात. बाकी सगळे निर्णय त्यानंतर.

तुमच्या गावाची जमीन मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हीच तपासायच्या आहेत. विहीर पुळणीच्या (किनाऱ्यालगतच्या) वाळूत आहे, जांभ्यात आहे की खालच्या काळ्या कातळात, खाडीपासून किती अंतरावर आहे, मध्ये खारबंध (खाडीचं पाणी अडवणारा बांध) आहे का, यावर उत्तर बदलतं. खालचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

आवक, म्हणजे विहिरीला येणारं पाणी, मोजायला सुतळी, दगड आणि घड्याळ पुरतं. सुतळीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा. सकाळी उपसा सुरू होण्याआधी काठावरच्या एका ठरलेल्या चिऱ्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मग पंप लावून पातळी एक मीटर खाली आणा, पंप बंद करा आणि एका तासात पाणी किती वर आलं ते पाहा. विहिरीचा व्यास ४ मीटर असेल तर एक मीटर पाणी म्हणजे सुमारे १२,५०० लिटर. तासात १० सेंटिमीटर चढलं तर आवक ताशी १,२५० लिटर, दिवसाला जास्तीत जास्त ३०,००० लिटर. पाणी मूळ पातळीच्या जवळ येतं तसा वेग कमी होतो, म्हणून हिशेबात २०,००० ते २५,००० च धरा. हे १५ एप्रिलनंतर करा. जानेवारीतल्या मोजणीवर परवानगी देणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि अर्जदाराने जोडलेला पाण्याचा अहवाल कुठल्या महिन्यातला आहे ते आधी पाहा.

आता मचूळपणाचं कारण. इथे लोक थेट ‘समुद्र आत आला’ म्हणतात आणि हात टेकतात. पण खारं पाणी तीन वाटांनी येऊ शकतं आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) घ्या आणि उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, सकाळी एकाच वेळी आकडा लिहून ठेवा. उधाणाला आकडा उडी मारत असेल आणि भांगाला खाली येत असेल, तर खाडीचं पाणी जवळच्या वाटेने येतंय. खारबंधाला खांड पडली असेल, खेकड्यांनी बांध पोखरला असेल किंवा उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडण्याच्या दाराची, झडप नीट बसत नसेल. हे दुरुस्त होतं, आणि तेही एका हंगामात. दुसरी खूण म्हणजे पंप चालू असताना आकडा चढतो आणि रात्रभराच्या विश्रांतीनंतर उतरतो. पंप मोठा आहे, खालचं खारं पाणी वर ओढतोय. तीन हॉर्सपॉवरचा पंप तासभर चालवण्यापेक्षा अर्ध्या हॉर्सपॉवरचा सहा तास चालवा आणि फूट व्हॉल्व्ह तळाशी न सोडता पाण्याच्या वरच्या थरात ठेवा. तिसरी खूण सगळ्यात वाईट. उधाण-भांग काही असो, फेब्रुवारीपासून आकडा सरळ चढतच जातो. याचा अर्थ गावाचा एकूण उपसा आवकेपेक्षा जास्त झाला आहे.

या तिसऱ्या प्रकाराची गंभीरता कळावी म्हणून त्यामागचं गणित सांगतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. वाळूच्या सारख्या जमिनीत समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर ते खाली सुमारे ४० मीटरपर्यंत खाऱ्याला दाबून धरतं. वरचं एक मीटर उपसून संपवलं की खालची सीमा वर चढू लागते. कातळात हे प्रमाण तंतोतंत लागू पडत नाही, तिथे खारं पाणी भेगांमधून येतं आणि शेजारच्या दोन विहिरींपैकी एकच नासते. मिसळायलाही फार लागत नाही. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस ३५,००० च्या आसपास असतो. ९५ लिटर चांगल्या पाण्यात ५ लिटर खारं गेलं की आकडा २,००० च्या जवळ पोचतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा आहे. मीटर नसला तरी घरात आणि आगरात आधी कळतं. डाळ शिजायला वेळ लागतो, सुपारीच्या झावळ्यांची टोकं करपतात. माड मचूळ पाणी बरंच सोसतो, सुपारी सोसत नाही, म्हणून सुपारीकडे लक्ष ठेवा.

पाण्याच्या रोजच्या खर्चाची बाजू अशी मांडा. कायमची ६०० माणसं, माणशी ५५ लिटर (जलजीवन मिशनचं प्रमाण) म्हणजे ३३,०००. गुरं ६० असतील तर २,४००. मेमधले २५० चाकरमानी, १३,७५०. होमस्टेच्या ९६ खाटा, चादरी धुण्यासकट माणशी १५० लिटर धरले तर १४,४००. आणि आगर. समजा ४०० माड, प्रत्येकी ४० लिटर, आणि १,५०० सुपाऱ्या, प्रत्येकी १५ लिटर. झाले ३८,५००. हे ठिबकने दिलं तर. पाटाने द्यायचं तर सहज दुप्पट, कारण पुळणीच्या जमिनीत निम्मं पाणी पाटातच मुरतं. मुरलेलं पाणी परत विहिरीलाच येतं असा आक्षेप सभेत येईल. काही प्रमाणात तो बरोबर आहे. पण विहिरीच्या खाडीकडच्या बाजूला मुरलेलं पाणी खाडीलाच जातं.

हे आकडे फळ्यावर लिहिले की सभेचा सूर बदलतो. ज्या १२ होमस्टेंवर सगळा राग आहे ते गावाच्या पाण्याचा छोटा हिस्सा घेतात, आणि ज्या आगराचं कुणी नाव काढत नाही त्यात पाटाऐवजी ठिबक आलं तर होमस्टेंच्या गरजेच्या अडीचपट पाणी वाचतं. म्हणून माझ्या मते पहिला खर्च ठिबकवर करावा. सूक्ष्म सिंचनाला सरकारी अनुदान आहे. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. जांभ्यातल्या पाण्यात लोह असतं आणि त्याचा तांबूस बुळबुळीत थर ड्रिपरच्या भोकांत बसतो. गाळणी आठवड्याला धुतली नाही आणि नळ्यांची टोकं उघडून महिन्यातून एकदा पाणी सोडलं नाही, तर दुसऱ्या हंगामात निम्मे ड्रिपर बंद पडतात आणि लोक ‘ठिबक कोकणात चालत नाही’ म्हणून परत पाटाकडे वळतात.

रिसॉर्टला हीच पट्टी लावा. ४० खोल्या, ८० माणसं, माणशी ३०० लिटर धरा, २४,००० झाले. अर्ध्या हजार चौरस मीटरच्या लॉनला मेमध्ये दिवसाला २,५०० लिटर. पोहण्याचा तलाव डोळ्यांत भरतो, पण १०० चौरस मीटरच्या तलावातून दिवसाला वाफ होऊन जातात साधारण ५०० लिटर, शिवाय फिल्टर धुण्याचं पाणी वेगळं. खरी तहान न्हाणीघर, धुलाई आणि लॉनची आहे, तेव्हा भांडण तलावावर वाया घालवू नका. एकूण २७,००० लिटर म्हणजे आजच्या सगळ्या होमस्टेंच्या जवळजवळ दुप्पट, एकाच ठिकाणी, एका मालकाकडे. आणि हे पाणी येणार बोअरमधून. सड्यावरची बोअर खाडीपासून लांब असली तरी ती तुमच्या विहिरीकडे उतरणारं पाणीच वरच्या वर उचलते. विहीर निदान आटताना दिसते, बोअर कुठलं पाणी ओढते ते दिसत नाही. ‘आम्ही आरओ बसवू’ हे आश्वासन मिळेल. आरओ पाणी निर्माण करत नाही. घरगुती यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर जास्त खारट करून बाहेर टाकतं, आणि ते टाकलेलं पाणी पुन्हा त्याच जमिनीत मुरतं.

आवक वाढवता येते का? येते, पण कशाने वाढत नाही ते आधी. छपराचं पाणी विहिरीत सोडण्याचे कार्यक्रम कोकणात मोठ्या उत्साहाने होतात. १०० चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून वर्षाला दोन लाख लिटरहून जास्त पाणी मिळतं हे खरं. पण जुलैत इथली विहीर काठोकाठ भरलेलीच असते. तिच्यात ओतलेलं पाणी दुसऱ्या बाजूने निघून जातं. छपराचं पाणी टाकीत साठवा, आणि फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी. पाच जणांच्या घराला माणशी १० लिटरने फेब्रुवारी ते मे हे चार महिने काढायला ६,००० लिटर लागतात. एवढी टाकी परवडते. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींचं पाणी बाहेर सोडा, टाकी अंधारी ठेवा, झाकणाला डासांची जाळी लावा.

विहिरीला खरा उपयोग होतो तो पऱ्या (डोंगरातून येणारा ओढा) अडवल्याचा, आणि तो वेळेवर अडवल्याचा. भातकापणी उरकली की लगेच, दिवाळीच्या आगेमागे, पऱ्यात अजून धार असताना. डिसेंबरात बांधलेल्या बंधाऱ्यामागे फोटो काढण्यापुरतंच पाणी जमतं. गावाच्या वरच्या अंगाला एक मोठा बंधारा घालण्यापेक्षा चार-पाच छोटे घाला, उंची मीटरभर. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊण भरा, तोंड शिवा, विटांसारखे सांधे चुकवून रचा. पाया उंचीच्या दीडपट ते दुप्पट रुंद हवा. पाण्याकडच्या अंगाला चिकणमातीचा किंवा वारुळाच्या मातीचा लेप द्या. समुद्राची वाळू भरू नका, गोण्यांतून मीठ पाझरतं. बंधारा फुटतो तो बहुतेक वेळा मधून नव्हे, काठाच्या बाजूने. म्हणून दोन्ही टोकं काठात हातभर खोल घुसवा आणि सांडव्यासाठी मधला भाग एक थर खाली ठेवा, खाली दगड टाका. सहा मीटर रुंद पऱ्यात ६० मीटरपर्यंत फुगवटा गेला तर एका वेळी सुमारे १,८०,००० लिटर साठतं, आणि धार चालू आहे तोवर ते मुरत आणि पुन्हा भरत राहतं. मेअखेर गोण्या काढायच्याच. उन्हाने फाटलेलं ते प्लास्टिक पहिल्या पावसात खाडीत आणि मच्छीमारांच्या जाळ्यात जातं.

सड्याच्या उतारावरचं रान जेसीबीने साफ करून कलमं लावण्याचा सपाटा तुमच्याकडेही असेल. त्यावर ग्रामसभेने निदान एवढं ठरवावं की पऱ्याच्या दोन्ही काठांचं रान आणि देवराई यांना हात लागणार नाही. बंधाऱ्यात दोन वर्षांत गाळ का भरला याचं उत्तर बहुधा वरच्या उघड्या उतारावर सापडतं.

पाण्याइतकाच सांडपाण्याचा विचार करा. जांभ्याच्या भोकांतून मैलापाणी फार गाळलं न जाता झटकन पुढे सरकतं. शोषखड्डा आणि विहीर यांत १५ मीटर अंतर ठेवा असं सांगतात, जांभ्यात मी ३० मीटरच्या आत मान्य करत नाही, आणि खड्डा विहिरीच्या उताराकडे हवा, चढाकडे नको. पुळणीत वेगळी अडचण, पावसाळ्यात पाणी इतकं वर येतं की खड्डाच पाण्यात बुडतो. तिथे बंद दोन कप्प्यांची टाकी आणि पुढे कर्दळ-केळीचा वाफा करा. संडासाचं पाणी आणि न्हाणी-मोरीचं पाणी सुरुवातीपासून वेगळ्या नळांत घ्या, नंतर फरशी फोडावी लागते. होमस्टेच्या माणशी १५० लिटरांतले १०० लिटर न्हाणी-मोरीचे धरले तर ९६ खाटांमागे ९,६०० लिटर, म्हणजे २४० माडांचं रोजचं पाणी. मोरीला तेलकट पाण्याची कुंडी ठेवा. माशाच्या तळणाचं तेल आळ्यात गेलं की मातीवर थर धरतं आणि पाणी मुरत नाही. टीडीएस मीटर घाण दाखवत नाही, हेही लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून जंतुतपासणीच्या बाटल्या घ्या. पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळी झाली तर विहिरीत मैला पोचतोय.

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही, वेंगुर्ला नगरपरिषदेचं काम जाऊन बघा. कचरा घरातूनच वेगळा घेतला तर डेपोची जागा लोकांना दाखवण्यासारखी होते, हे तिथे दिसतं. कांदळवनाला मात्र कुणालाही हात लावू देऊ नका, ना धक्क्यासाठी, ना खोलीतून खाडी दिसावी म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं नष्ट करण्याला पूर्ण बंदी घातली आहे. शिवाय तुमचा खारबंध लाटांपासून तीच झाडं राखतात आणि कोळंबीची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात.

पैशाचा भाग टाळू नका, कारण गावातली खरी जखम तिथे आहे. विहीर सगळ्यांची आणि उत्पन्न बारा घरांचं. प्रत्येक पंपाला पाण्याचं मीटर आणि प्रत्येक पाहुण्यामागे रात्रीला २० रुपये पाणीनिधी, असा ठराव करा. ९६ खाटा वर्षात १०० रात्री भरल्या तर १,९२,००० रुपये जमतात. बंधारे, विहिरीतला गाळ, उघाडीची झडप हे त्यातून. निधीचा हिशेब दर ग्रामसभेत वाचून दाखवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी कुणी भरणार नाही. होमस्टेवाल्यांनीही मेच्या गर्दीवर भिस्त कमी करावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सडा फुलांनी भरतो, तेव्हा पाण्याची चिंता नसते आणि खोल्या रिकाम्या असतात. आमसुलं, काजूगर यांचं घरगुती उत्पन्न पाणी फार कमी पितं, त्याला बळ द्या.

मग रिसॉर्टला हो की नाही? तुमची मेमधली आवक उपशापेक्षा कमी असेल तर आज नाही म्हणा, आणि कारण म्हणून आकडे ठरावात लिहा. नुसता ‘गावाचा विरोध’ असा ठराव टिकत नाही. आवक शिल्लक असेल तर अटींवर हो म्हणता येईल. खाटा शिलकीच्या निम्म्यातच बसल्या पाहिजेत, उरलेलं निम्मं कमी पावसाच्या वर्षासाठी. बोअर नाही, लॉन नाही, चार महिन्यांच्या पिण्याच्या पाण्याची साठवण स्वतःच्या छपरावरून, सांडपाणी शुद्ध करून आवारातच वापर, आणि पंपाचा मीटर ग्रामपंचायतीला कधीही पाहता येईल. राज्याच्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहिरीवर निर्बंध आहेत, आणि सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमांत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आतल्या भूजल उपशावर बंदी असून स्थानिकांच्या वापरापुरतीच सूट आहे. जमीन कुठे पडते ते नकाशावर मोजून घ्या आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा अभिप्राय मागवा.

१ मेची ग्रामसभा पाणी तळाला असतानाच येते, तो दिवस धरा. आजपासून प्रत्येक उधाणाला आणि भांगाला टीडीएस, दर रविवारी सकाळी सुतळीची गाठ, आणि १५ ते २५ एप्रिलच्या दरम्यान पंप लावून तासाभराची मोजणी. वही शाळेतल्या मुलांकडे दिलीत तर मोजणी चुकत नाही आणि कुठल्या तटाचा आकडा म्हणून वादही होत नाही. बंधाऱ्यांचं श्रमदान २ ऑक्टोबरच्या सभेत वाडीवार वाटून घ्या. एप्रिलअखेरचे आकडे इथे टाकलेत तर त्यावरून किती खाटा बसतात हे आपण मिळून काढू.